गार्डमामांची पाच बोटं

गार्डमामा कुणालाही कुठलाही पीस पहिल्यापासून वाजवू देत नसत. चूक झाली की पियानोच्या लाकडावर त्यांची पेन्सिल टक्‌कन वाजायची. मी घाईघाईनं परत सुरुवातीकडे वळले की म्हणायचे, "पहिल्यापासून न्हाई. जिथं घसरली तिथनंच. आख्खी गाडी कशाला माघारी न्यायची?" मग तोच एक बार, म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेषांमधला तेवढाच तुकडा, वीस-पंचवीस वेळा.

मालगाडीचे गार्ड म्हणून ते रिटायर झाले होते. दौंडला माझ्या आत्याच्या शेजारी राहायचे. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन. लहानपणी मामा रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहून त्याच्या बायकोचा पियानो ऐकत. एक दिवस त्या बाईंनी आत बोलावलं आणि पुढं नऊ वर्षं शिकवलं. ऑस्ट्रेलियाला जाताना पियानोही त्यांनाच देऊन गेल्या. दौंडच्या उन्हाळ्यात तो बेसूर व्हायचा, तेव्हा मामा स्वतःच झाकण उघडून एकेक तार सुरात आणत बसायचे.

मी अकरा वर्षांची असल्यापासून दर रविवारी वरवंडहून एसटीनं त्यांच्याकडं जायचे. आमच्या घरात कुणी पियानो पाहिलेला नव्हता. "टायपिंगसारखंच असंल, शिकू दे," एवढंच वडील म्हणाले होते.

पहिले चार महिने नुसता डावा हात. "उजवा लाडावल्याला असतोय, त्याला कुणीबी शिकवील," मामा म्हणत. दोन वर्षं पायाखालच्या, सूर लांबवणाऱ्या पेडलला हात, म्हणजे पाय, लावू दिला नाही. "पेडल म्हंजी धुरळा. चुका झाकतोय." कौतुक त्यांनी कधी केलं नाही. बरं वाजलं तर पान उलटायचे. पान उलटलं की मला आठवडाभर पुरायचं.

पंधराव्या वर्षी पाचव्या ग्रेडची परीक्षा द्यायला पुण्याला गेलो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या बाकावर बसले होते. मी आत अडखळले, थांबले, आणि सवय नसताना पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी अडखळले. बाहेर आले तेव्हा रडू येत नव्हतं. परतीच्या गाडीत उरळीला मामांनी नोटेशन मांडीवर उघडलं. मग म्हणाले, "कितवा बार?"

"अठरावा."

"रविवारी तिथनं बसू."

पुढच्या वर्षी मी पास झाले. त्यांनी निकालाचा कागद दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला आणि सहाव्या ग्रेडचं पुस्तक काढलं.

मी बारावीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं वाचलं, उजवा हात गेला. मी भेटायला गेले तर ते पियानोपुढं बसलेले. मला शेजारी बसवून म्हणाले, "आता तू शिकव."

मी त्यांचा हात उचलून पट्ट्यांवर ठेवायचे. अंगठा दाबला जायचा, तर्जनी कशीबशी, पुढची तीन बोटं नुसती पडून राहायची. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून "जमत न्हाई" मी ऐकलं नव्हतं. ते एकदाच म्हणाले. मी त्यांच्यासारखंच म्हटलं, "परत. तिथनंच." ते हसले आणि परत बसले. दिवाळीपर्यंत पहिली दोन बोटं नीट चालायला लागली.

मग बी.एस्सी. झालं, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. कंपनीजवळच खोली घेतली. शिफ्ट फिरत्या. एक रविवार चुकला, मग दुसरा. दौंड तिथून फार लांब नाही, हे मला माहीत होतं. मी फोन करायचे, तेव्हा मामा म्हणायचे, "ये सवडीनं." असं दीड वर्ष गेलं.

त्यांच्या मुलीचा, सुजाताताईंचा, फोन सकाळी आला: मामा गेले. मी गेले. अंगणात बुद्धवंदना चालली होती. बायका रडत होत्या. मी पाया पडले, बाजूला उभी राहिले. आतून काहीच हलत नव्हतं. पियानोवर कुणीतरी फुलांच्या परड्या ठेवल्या होत्या, त्या मी उचलून खाली ठेवल्या.

सगळे स्मशानातून परतल्यावर ताईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "पाचही बोटं चालायला लागली होती त्यांची. महिना झाला. सा ते प, सरळ."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी फोन लावत होते. तर म्हणाले, राहू दे. शिफ्टवरनं दमून आली असंल ती. अजून जरा साफ वाजू दे, मग ऐकवू."

मी चहा संपवला. कप विसळून ठेवला. माझी दुसरी शिफ्ट तीनला होती आणि मी वेळेवर पोचले. त्या दिवशी सतरा नमुने तपासले. एकही चुकला नाही.