बंद मागांचा शुक्रवार

कोणत्याही इमारतीत शिरले की ते आधी भिंतीला तळहात टेकवून उभे राहत. "थांबा जरा, बोलू नका," एवढेच म्हणत. मग वरच्या मजल्यावर किती यंत्रमाग चालू आहेत ते सांगत. एखाद-दुसऱ्याचा फरक पडे. मालक हसून म्हणत, "साहेब, तुमी वैद्य व्हायला पायजे होतात."

ते भिवंडी नगरपालिकेत ओव्हरसियर होते. ऐंशीच्या दशकात इथे घरांवर मजले चढत होते आणि मजल्यांवर माग. कुठली इमारत त्या मागांचे हादरे सोसेल, हे पाहणे त्यांचे काम. मी ठाण्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. त्यांच्या टेबलाशी माझा चहा ठरलेला.

कॉलेजात ते फुटबॉलच्या संघाचे गोलकीपर होते. डाव्या हाताची दोन बोटे तेव्हाच वाकडी झालेली. गोलकीपरला सर्वांत वाईट काय वाटते, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "गोल झाला की बाकीचे दहा जण पाठ फिरवून चालू लागतात. जाळ्यातला चेंडू आपणच काढायचा."

शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी सुट्टीवरचे कामगार शेलार गावच्या माळावर खेळत आणि साहेब गोलात उभे राहत. आता पोट सुटले होते. "चचा, पेट से रोको," कामगार सांगत. ते खरोखरच पोटाने अडवत.

नव्वदनंतरची गोष्ट. मुख्याधिकाऱ्यांना एका जुन्या इमारतीचा अहवाल शनिवारी हवा होता. तपासणी माग चालू असतानाच करायची, हा साहेबांचा स्वतःचा नियम. पण दिवस शुक्रवार होता, आणि माळावर जाता जाता ते तिथे थांबले. मालक म्हणाला, "आज कारखाना बंद हाय साहेब, निवांत बघा. आवाज न्हाय, कटकट न्हाय." त्यांनी तळहात टेकवला. भिंत शांत होती. 'सध्या धोका नाही' असे त्यांनी लिहून दिले.

पुढच्या आठवड्यात, दिवसपाळी चालू असताना, मागची भिंत कोसळली. एक कामगार गेला.

साहेबांचा खुलासा त्रोटक होता. तपासणी शुक्रवारी केली, माग बंद होते, चूक माझी. मुख्याधिकारी माझ्यादेखत त्यांना समजावत होते. "अहो, कागदावर तारीख आहे ना? वार कशाला लिहिता? कॅलेंडर कोण उघडून बघतंय?"

"वार तसाच राहू द्या," साहेब म्हणाले.

मी तो वार बातमीत दिला.

चौकशी होईपर्यंत त्यांना जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसवले. शुक्रवारचे खेळणे त्यांनी बंद केले. दोनेक महिन्यांनी गेलेल्या कामगाराचा थोरला भाऊ मृत्यूचा दाखला न्यायला गावाहून आला. मी तिथेच होतो. साहेबांनी दाखला लिहिला, शिक्का मारला.

"एक ही चक्कर में काम हो गया," भाऊ म्हणाला. "आप भले आदमी हो, साहब."

"बैठो," साहेब म्हणाले. "उस मकान को मैंने ही पास किया था."

 त्या माणसाने दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारले, "कल्याण की बस कहाँ से मिलेगी?"

साहेब उठले. त्यानंतर ते कचेरीत आले नाहीत. राजीनामा टपालाने आला. मला ते शेवटचे दिसले त्याच दुपारी, खिडकीतून. तो माणूस पुढे चालला होता, वळून न बघता. त्याची पिशवी घेऊन साहेब दोन पावले मागून जात होते.