हे लीगल आहे नं, ताई?

"ताई, हे लीगल आहे नं?" असं विचारताना आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे दोन्ही हात पाठीमागे असायचे, म्युझियममध्ये कशाला हात लागू नये म्हणून शाळेची मुलं ठेवतात तसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खारीला शेंगदाणे घालणं, कठड्यावर टॉवेल वाळत टाकणं, रस्त्यावर पडलेलं सफरचंद उचलणं, सगळ्याला त्यांचा हा एकच प्रश्न. ते नागपूरचे, मी पुण्याची. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या त्या जुन्या घरात दोघंही भाडेकरूच. माझ्याकडे उत्तर असेल असं त्यांना का वाटायचं, कोण जाणे.

एका जानेवारीत घर गरम ठेवणारे रेडिएटर गार पडले. तळघरातल्या बॉयलरचा काटा पार खाली आला होता, म्हणजे पाइपांतलं पाणी कमी झालं होतं. मी सरळ पाणी भरायचा नळ सोडायला निघाले, तोच शेजारी मागून आले.

"थांबा! घर आपलं नाही. विचारून घेऊ."

त्यांनी मालकिणीला फोन लावला. ती म्हणाली, भरा, पण बॉयलर बंद करून, गार झाल्यावर, हळूहळू, काटा बारावर येईपर्यंतच. नळाशेजारच्या पितळी व्हॉल्व्हला मात्र हात लावायचा नाही. बॉयलरचं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं जाऊ नये म्हणून तो कायद्यानं बसवलेला होता.

कायद्याचं नाव निघताच शेजाऱ्यांचा चेहरा उजळला. कधी नव्हे ते हात पुढे आले. नळ जेमतेम फिरवला, पाणी सूं करत आत गेलं, काटा चढला. "बस!" म्हणून त्यांनी नळ घट्ट बंद केला. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात काटा पुन्हा उतरला.

"भरू या की," मी म्हटलं.

"नाही ताई. परत परत उतरून राहिला म्हणजे कुठंतरी गळून राहिलं. वरून भरत बसायचं नाही. लायसन्सवाला प्लंबर बोलवायचा." मग काट्याकडे बघतच म्हणाले, "जॉब नसताना इथं किती दिवस राहणं लीगल असते?"

मी गोंधळले. हे बॉयलरबद्दलच चाललंय ना? "कुणाचा जॉब?" विचारलं, तर ते जिना चढून गेले. त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं, "यांचा जॉब गेला ना, महिना झाला."

मला आधी रागच आला. खारीचं विचारणाऱ्या माणसानं एवढी गोष्ट पोटात ठेवावी? मग फार वाईट वाटलं. रोज भेटणारा माणूस, आणि मला पत्ताच नाही.

प्लंबरनं गळती काढली. काटा बारावर टिकला. दुसरा जॉब मात्र मिळाला नाही आणि नोकरीवरच अवलंबून असलेल्या व्हिसाची मुदत संपत आली.

निघायच्या दिवशी बॅगा गाडीत भरून झाल्या. त्यांची धाकटी लेक इथंच जन्मलेली, म्हणून अमेरिकेची नागरिक. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते हसले. "आमच्यात ही एकटीच लीगल, ताई. हिला पाहिजे तितकं राहता येते."

तिनं मान वर केली. "पप्पा, आर वी कमिंग बॅक?"

त्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरचा हात काढून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.