आखडलेला हात

रत्नागिरीत मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत होतो, त्या काळात माझी थोरली बहीण भाजली. चुलीवरून तपेलं उतरवताना उकळती पेज तिच्या उजव्या हातावर सांडली. जखम भरली, पण कोपराच्या आतली कातडी आखडून हात अर्धा दुमडलेलाच राहिला. डॉक्टरांनी भूल देऊन तो झटक्यात सरळ केला, तेव्हा कातडी फाटली. ती भरून आल्यावर हात आधीपेक्षा जास्तच आखडला.

"आता पुरे," अक्का म्हणाली. "डाव्या हातानं चाललंय माझं."

तसं काही चाललेलं नव्हतं. पाणी शेंदणं बंद झालं होतं, आणि पंगतीत वाढायला ती येईनाशी झाली होती.

वर्गात मी स्प्रिंगला वजनं टांगून दाखवत असे. वजन दुप्पट केलं की स्प्रिंगचं लांबणंही दुप्पट. कातडीचं गणित काय, ते मला ठाऊक नव्हतं. खाटकाकडून बकऱ्याच्या कातड्याची ताजी पट्टी आणली, मिठाच्या पाण्यात ओली ठेवली आणि मागच्या पडवीत वाशाला टांगली. घरात कोणी माझ्याशी धड बोलेना.

पट्टी थोड्याशा वजनानं भरभर लांबली. पुढे मात्र वजन वाढवत गेलो तरी जेमतेम हलायची. आलेख सरळ येईना, तो वर वळत गेला. मला काथ्याची सैल दोरी आठवली. दोन काठ्यांमध्ये मी काथ्याचे धागे बांधले, काही ताठ, काही ढिले. काठ्या ओढू लागलो तसा एकेक ढिला धागा ताठ होत गेला आणि ओढणं जड होत गेलं. आलेख तसाच वळला. कातडीच्या आत असंच काहीतरी असावं, असं मी धरून चाललो.

एक गोष्ट मात्र धाग्यांत बसेना. सकाळी वजन लावून शाळेत गेलो की संध्याकाळी पट्टी आणखी लांबलेली असे. धागे एकदा ताठ झाले की तिथेच थांबत.

हे मी डॉक्टरांना सांगितलं, आणि अक्काचा हातही थोड्या वजनानं रोज सावकाश ओढून बघू का, असं विचारलं.

"मेलेलं कातडं आणि जिवंत व्रण एक नव्हे, मास्तर," ते म्हणाले. "पण सावकाश ओढून बघायला माझी हरकत नाही. कातडी पांढरी पडली की सोडायचं."

दुपारी जेवणं झाली की अक्का खाटेवर आडवी व्हायची. दंडाखाली उशी, मनगट खाटेबाहेर, आणि मनगटाला मऊ पट्ट्यानं बांधलेली भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेल्या वाळूची पिशवी.

"दुखतंय?"

"ओढतंय. दुखत नाही. तू जा, तुझ्या बघण्यानंच जड वाटतं."

पहिले काही आठवडे फरक दिसला नाही. ती कंटाळली आणि पिशवी अंगणात फेकली. माझ्या बायकोनं ती उचलून आणली, पुन्हा बांधली. पावसाळा सरेपर्यंत कोपर बराच उघडला होता. पुढच्या आंब्यांच्या दिवसांत पाहुणे आले, तेव्हा अक्कानं उजव्या हातानं भात वाढला. ती पुन्हा एकदा वाढायला आली, कोणाला नको असतानाही.

हात पूर्ण सरळ कधीच झाला नाही. शेवटचा बाक राहिला तो राहिलाच. कातडी सावकाश का लांबते, ते माझ्या धाग्यांनी मला सांगितलं नाही. तेही सावकाश लांबतात का बघायला काथ्या भिजवून पाहिला, धाग्यांमध्ये मेण घातलं, आणि शेवटी तो नाद सोडून दिला.