कपाटातली श्रवणयंत्रं

लहानपणी तिच्या तोंडाला कुलूप घालता घालता सगळे थकले, तेव्हा आत्याने तिचं नाव बडबडी ठेवून हात टेकले. मोठेपणी ती टीव्हीच्या स्टुडिओत मेकअप करायला लागली. गालावर पावडर लावता लावता पाहुण्यांना असं बोलतं करायची, की त्यांची धडधड कुठल्या कुठे पळायची.

एका सकाळी थेट कार्यक्रमाच्या तोंडावर निवेदकाचा घसा बसला. आवाजच फुटेना. काचेमागे दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. बडबडी पाहुणीचे केस सारखे करत होती. कार्यक्रम सुरू झाल्याचा लाल दिवा लागला आणि ती कंगव्यासकट निवेदकाच्या खुर्चीत बसली.

"केस झकास दिसताहेत," ती पाहुणीला म्हणाली. "आता सांगा, घरात तुमचं कोण ऐकतं?"

पाहुणी खळखळून हसली आणि जी बोलत सुटली, ती थांबेचना. खुर्ची कायमची बडबडीची झाली. पुढे तर सकाळी घरोघरी चहा तिच्याबरोबरच होऊ लागला.

मग एकदा एक शिक्षिका आपल्या विद्यार्थिनीला घेऊन आली. मुलीला फार कमी ऐकू यायचं आणि श्रवणयंत्र घ्यायची घरची ऐपत नव्हती. बडबडीने ठरलेले प्रश्न बाजूला सारले आणि ती कॅमेऱ्याकडे वळली. सासरे गेल्यापासून त्यांचं यंत्र आमच्या कपाटात पडून आहे, तुमच्याकडेही असेल, आणून द्या, असं तिने बेधडक सांगून टाकलं. सासूबाईंना विचारायचं राहूनच गेलं. त्या दिवशी घरी सासूबाई तिच्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दाराशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोणी यंत्र रुमालात बांधून आणलेलं, कोणी चष्म्याच्या डबीत. सगळ्यांच्या पुढे सासूबाई उभ्या, हातात सासऱ्यांच्या यंत्राची डबी.

"आधी घरचं द्यावं," त्या म्हणाल्या, "मग लोकांकडे मागावं."

बडबडीचे डोळे भरून आले. तिने डबी घेतली आणि ती तडक स्टुडिओच्या मालकांकडे गेली. यंत्रं दुरुस्त करायला खोली हवी, असं तिने सांगितलं. जागा आहे कुठे, असं मालकांनी विचारलं.

"ही काय," ती म्हणाली, "केवढी ऐसपैस आहे तुमची केबिन!"

मालकांना हसावं की रडावं कळेना, पण केबिन मिळाली. पुढे तिथूनच कितीतरी मुलांच्या कानांना यंत्रं बसली. पहिलं बसलं ते त्या मुलीला. कानाच्या डॉक्टरांनी बटण दाबलं. मुलगी दचकून एक पाऊल मागे सरली आणि खाली बघायला लागली. तिच्या बुटांचा आवाज झाला होता! तिने पुन्हा पाय आपटला. मग दुसरा. मग टाळ्या पिटत, धाडधाड पाय आपटत ती सगळा स्टुडिओ पालथा घालू लागली, आणि तिच्यामागे बडबडी, शिक्षिका, शेवटी सासूबाईसुद्धा.