अक्काआत्याच्या घराची खोटी गिऱ्हाइकं

मी संशयी माणूस नाही. मी फक्त सावध आहे. घराला कुलूप लावलं की मी ते ओढून पाहतो, जिना उतरून परत वर येतो, पुन्हा ओढून पाहतो आणि मग मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, ओढून पाहायला लावतो. कारण माझ्या ओढण्यावर माझा फारसा विश्वास नाही. याला लोक संशय म्हणतात. लोकांच्या मनात काय असतं कुणास ठाऊक!

तर आमची अक्काआत्या गेली. तिचं घर अकोल्याला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब, अंगणात पेरूचं झाड आणि पुढच्या खोलीत सागवानी बंगई. (झोपाळ्याला आम्ही बंगई म्हणतो.) लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या बंगईवर कूलरसमोर जो बसायचो, तो जेवायलाही उतरायचो नाही, आत्या ताट वर आणून द्यायची. तिला मूलबाळ नव्हतं. यजमान आधीच गेलेले. घर तिनं माझ्या आणि माझी धाकटी बहीण शोभा हिच्या नावानं करून ठेवलं होतं. तेरवीच्या दिवशी ठरलं की घर विकायचं आणि निम्मं-निम्मं करायचं. शोभा अकोल्यातच राहते, म्हणून किल्ली तिच्याकडे. मी अमरावतीला राहतो, म्हणून काळजी माझ्याकडे!

काही दिवस बरे गेले. मग आत्याचे शेजारी रशीदभाई यांचा फोन आला.

"भाऊसाब, मुबारक हो! मकान का सौदा हो गया वाटते?"

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? काल शोभाताई आल्ती. सोबत एक आदमी. टेप लावून मोजून राह्यला होता. खोली बंद करून! मीनं खिडकीतून पाह्यलं. म्हंजे माही नजर गेली."

खोली बंद करून! टेप लावून! शोभानं मला एका अक्षरानं कळवलं नव्हतं. खरं सांगतो, घर गेल्याचं मला एवढं वाटलं नसतं. पण आई-बाबा गेले, आत्या गेली. माझ्या माहेरचं म्हणावं असं (पुरुषालाही माहेर असतं, फक्त त्याला ते उशिरा कळतं) एक शोभाच उरली होती. तीच जर मला गुंडाळायला निघाली, तर मग उरलं कोण?

"अवो, फोन करून सरळ इचारा ना तिले," मंदा म्हणाली.

"इचारलं तं ती सावध होईन."

"आन नाई इचारलं तं?"

"तं मी सावध राहीन!"

मंदानं कणकेच्या गोळ्याकडे पाहिलं आणि तो जरा जास्तच जोरात मळला.

मी शोभाला फोन करून नुसतं 'काही नवीन?' एवढंच विचारत राहिलो. मग तिचाच फोन आला. "भाऊ, रविवारी घर पाहाले गिऱ्हाईक येऊन राह्यले. तू ये. तुह्यासमोरच बोलनं झालेलं बरं." आता साधा माणूस याचा अर्थ काय घेईल? बहीण प्रामाणिक आहे. पण मी सावध माणूस. मी अर्थ घेतला की बहीण प्रामाणिक दिसायची तयारी करते आहे. तिचा माणूस गिऱ्हाईक म्हणून येणार, आमच्यासमोर घराला नावं ठेवणार आणि घर पडत्या भावात शोभाच्याच सासरच्या कुणाच्या तरी घशात जाणार!

यावर उपाय एकच. आपलंही एक गिऱ्हाईक न्यायचं.

माझ्या डोळ्यांसमोर गुलाबराव आले. गुलाबराव वलगावचे. शेतात शेवंती-झेंडू लावतात आणि रोज सकाळी आमच्या कॉलनीत हार-फुलं देतात. तोंड गोड, मिशी भारदस्त, पांढरा सदरा घातला की दोन-चार घरं सहज विकत घेतील असे दिसतात. मी त्यांना जिन्याखाली गाठून बेत सांगितला.

"म्हंजे मले घर घ्याचं नाई?"

"नाही. फक्त घेतो म्हणायचं. दुसरं गिऱ्हाईक किती देतं ते काढून घ्यायचं. मला ओळख दाखवायची नाही. वलगावचं नाव काढायचं नाही. फुलांचं नाव काढायचं नाही."

"मंग सांगू काय?"

"काहीही सांगा! वर्ध्याकडचा आहे म्हणा, व्यापारी आहे म्हणा."

"कायचा व्यापारी?"

"गुलाबराव, इतकं कोण विचारतं?"

हे मी बोललो! वऱ्हाडात जन्माला येऊन, वऱ्हाडात केस पिकवून मी हे वाक्य बोललो. इतकं कोण विचारतं म्हणे!

रविवारी मी आणि गुलाबराव एकाच एसटीनं, पण वेगवेगळ्या सीटवर बसून अकोल्याला पोचलो. मी आधी घरी गेलो. तिथं शोभा होती, आणि एक जाडजूड गृहस्थ अंगणातल्या पेरूच्या झाडाशी उभे राहून एकेक पेरू तळहातावर तोलून पाहत होते.

"हे पुंडलिकराव. घर पाहाले आले," शोभा म्हणाली आणि नजर चुकवून पदर सारखा करू लागली.

मी मनात म्हटलं, सापडला! हाच तो!

आत खुर्च्यांवर आणखी एक जोडपं बसलं होतं. नवरा वीज कंपनीत, बायको शिवणकाम करणारी. फाटकावरची 'घर विकणे आहे' ही पाटी वाचून आले होते. दोघं चुपचाप भिंती पाहत होते. त्यांचाही मला संशय आलाच. इतकं कमी बोलणारं गिऱ्हाईक मी वऱ्हाडात पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात गुलाबराव आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि हातात शेवंतीचा हा एवढा हार! आले ते सरळ आत्याच्या फोटोकडे गेले, हार घातला, हात जोडले. मी डोळे मिटून घेतले. घर पाहायला येताना हार कोण आणतं?

"बाप्पा! किती भला मानूस," शोभा पुटपुटली.

"घरधनीनीले मान देल्लाच पाह्यजे," गुलाबराव म्हणाले. "आमच्या वर्ध्याकडं तशीच पद्धत हाये." आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. तो पुंडलिकरावांनी पाहिला. त्यांनी शोभाकडे बघून भुवई उडवली. ती मी पाहिली.

मग सौदा सुरू झाला. असा सौदा अकोल्यात पूर्वी झाला नसेल.

"मले घर पसंत हाये," पुंडलिकराव म्हणाले. "हे वर्धेवाले काय देतात ते सांगा, त्याच्यापक्षा मी जास्त देतो."

"आधी तुमी काय देता ते सांगा," गुलाबराव म्हणाले, "त्याच्यापक्षा जास्त मी देतो."

"मी तुमच्यापक्षा जास्त!"

"मंग मी त्याच्याहूनई जास्त!"

आकडा कुणीच सांगेना! दोघंही बाह्या सरसावून उठले. एकानं भिंत ठोकून "काय मजबूत काम हाये!" म्हटलं, तर दुसऱ्यानं मोरीत डोकावून "अशी मोरी आता पाहाले भेटत नाई!" म्हटलं. आत्याच्या मोरीचं इतकं कौतुक आत्यानंही कधी केलं नव्हतं. मी हरखलो. शोभाचा माणूस भाव पाडायला आला होता आणि माझ्या माणसानं त्यालाच चढवून ठेवलं! (तो भाव पाडत का नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण नको तिथे सावध राहून राहून माणूस हवा तिथे दमलेला असतो.)

वीज कंपनीवाल्यानं हळूच बायकोकडे पाहिलं. बायको उठली.

"आमी येतो," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या लोकाइच्या मंधात आमचं काम नाई."

ती दोघं फाटकाबाहेर पडली, आणि त्याच फाटकातून थर्मास घेऊन शोभाच्या सासूबाई गोदाबाई आत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. शोभाचा चेहरा उतरला. गोदाबाई बंगईवर बसल्या, थर्मासचं झाकण उघडलं आणि थबकल्या.

"काहून रे पुंडलिक, तू इतं? आज भाजीची गाडी कोनाच्या भरोशावर सोडली?"

पुंडलिकरावांनी सरसावलेल्या बाह्या हळूच खाली केल्या.

"अवं शोभा, हा तं आपला बार्शीटाकळीचा भाजीवाला. रोज दारात येते. याले घर कायले पाह्यजे?"

मला जो आनंद झाला तो काय सांगू! मी उभाच राहिलो. "वा शोभा! वा! सख्ख्या भावासमोर खोटं गिऱ्हाईक? भाजीवाला उभा करते? आत्याच्या फोटोसमोर?"

"भाऊ, थांब जराक, मी सांगतो..."

"काही सांगू नको! मी अमरावतीहून विश्वासानं आलो!"

हे चालू असताना गोदाबाईंनी दुसरा कप भरून गुलाबरावांपुढे धरला होता.

"आन तुमी कोन्या गावचे?"

"वर्ध्याकडचा."

"वर्ध्याकडं कोन्तं गाव?"

गुलाबराव घामाघूम झाले. "कौंडण्यपूर."

"ते तं अमरावती जिल्ह्यात येते, बाप्पा. बरं, तिथं कोनाचे? जत्रेत आमचा मुक्काम असते, मले सारं गाव माहीत हाये."

"गावाबाहेर राह्यतो."

"हाव का? आन सासुरवाडी?"

माणूस स्वतःचं गाव खोटं सांगू शकतो, नाव खोटं सांगू शकतो. पण सासुरवाडी विचारली की वऱ्हाडी माणसाच्या तोंडून खरं तेच बाहेर पडतं. बायको पाठीमागे उभी असल्यासारखं वाटतं.

"मूर्तिजापूर," गुलाबराव म्हणाले.

"मूर्तिजापूर तं माहं माहेर! कोनाची पोरगी?"

"सुमन. जिनिंगजवळच्या नानाजीची."

"नानाजीची सुमन! जे वलगावले देल्ली! फुलाच्या मळेवाल्याइच्या घरी!"

इतक्यात पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला. "नानाजीची सुमन? माही घरवाली नानाजीच्या भावाची पोरगी व्हय!"

"म्हंजे तुमी साडभाऊ!" गोदाबाईंनी निकाल दिला.

झालं! दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. कोणाच्या लग्नात कोण कोणाच्या पंगतीला होता, बुंदी कमी कोणामुळे पडली, हे सगळं निघालं. माझं गिऱ्हाईक माझ्यादेखत शोभाच्या गिऱ्हाइकाचं साडू निघालं!

शोभा मात्र माझ्याकडे पाहत होती. मग फोटोवरच्या हाराकडे. मग परत माझ्याकडे.

"भाऊ. वलगावचे गुलाबराव म्हंजे तुह्या घरी रोज हार देतात तेच ना?"

मी घसा खाकरला. "तू आधी सांग. तू भाजीवाला काहून उभा केला?"

"तू फोनवर येऊन जाऊन एकच इचारे, काई नवीन? काई नवीन? मले वाटलं, तिकडं कोन्या दलालासंग तुह्यं आधीच ठरलं अन् तू मलेच कोरडं ठेवून राह्यला. म्हून तुह्या मानसाचा आकडा काढाले याले आनलं."

"आन तो टेपवाला? खोली बंद करून कोण मोजत होता?"

शोभाचे डोळे भरून आले. तिनं बंगईच्या फळीवर हात ठेवला.

"सुतार व्हता. खोली बंद यासाठी, की त्या रशीदभाईनं पाह्यलं तं तुले सांगीन. ही बंगई तुह्या फ्लॅटात मावते का, ते मोजून घेतलं. घर गेल्यावर तुले तरी बसाले राहीन. अचानक पाठवाची व्हती."

मला इतकी लाज वाटली, की आत्याच्या फोटोकडे बघवेना. मी शोभाच्या डोक्यावर हात ठेवला. ती हुंदका आवरत म्हणाली, "आता रडत बसू नको. ते खरे गिऱ्हाईक चालले ना!"

आम्ही दोघं भाऊ-बहीण अनवाणी गल्लीतून पळत सुटलो. मी म्हातारा पुढे, शोभा पदर खोचून मागे. वीज कंपनीवाल्याची मोटारसायकल सुरूच होत नव्हती, तो अजून किक मारत होता.

"थांबा!" मी ओरडलो. "ते दोघं खोटे गिऱ्हाईक होते! एक फुलवाला, एक भाजीवाला! आम्हीच आणले होते!"

त्यानं किक मारणं थांबवलं आणि माझ्याकडे, मी एरवी जगाकडे पाहतो, तसं पाहिलं.

"गिऱ्हाईक खोटे," तो म्हणाला, "मंग घर तरी खरं हाये का? आन तुमी तरी खरोखरचे भाऊ-बहीन हा का?"

तेवढ्यात मागून थर्मास घेऊन गोदाबाई आल्या. त्यांनी त्याच्या बायकोला न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, तुहं माहेर कोन्तं?"

चहा संपायच्या आत ती गोदाबाईंच्या जावेची भाची निघाली. नातं निघाल्यावर घासाघीस कसली करता? घर त्यांना गेलं, आणि घरच्या लोकांना द्यावं तशाच भावात गेलं. भिंत ठोकून आणि मोरी वाखाणून चढवलेलं सगळं तिथंच राहिलं. पण शोभा हसली, मीही हसलो आणि वाटण्या करताना दोघांनीही पुन्हा मोजून पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात टेम्पोतून बंगई आली. मोजून घेतली होती, त्यामुळे अगदी बरोबर मावली. संध्याकाळी शोभाचा फोन.

"भाऊ, बसला का बंगईवर?"

"बसलो ना! आत्याची आठवण आली बघ."

"बसाच्या आधी कड्या ओढून पाह्यल्या असतीन?"

"छे! तू पाठवलेल्या कड्या! मी कशाला ओढून पाहू?"

आणि यात एक शब्दही खोटा नव्हता. मी कडीला हातसुद्धा लावला नाही. मी आधी मंदाला बसवून पाहिलं!