अण्णांची गाडी, चारशे मीटर

मला एका जागी बसवत नाही. माहेरी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्न होऊन मखमलाबादच्या बाजूला फुलशेती करणाऱ्या घरात आले, तेव्हा ती भिंगरी कामाला आली. गुलाब, शेवंती, झेंडू, जे तोडलं असेल ते पिकअपमध्ये भरायचं आणि पंचवटीत फुलबाजारात नेऊन उतरवायचं. हे काम पहिल्याच वर्षी माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याला गाडी चालवायचा कंटाळा आणि सासऱ्यांना बाजारात थांबायचा. वीसेक वर्षं मी ती वाट रोज तुडवली. कुठल्या गल्लीत रिक्षा आडवी उभी असेल, कुठला भाजीवाला हात करून थांबवेल, सगळं पाठ.

मग एका व्यापाऱ्याची व्हॅन थेट बांधावर येऊन फुलं उचलू लागली. नवरा म्हणाला, "बरं झालं, तुझी दगदग वाचली."

दगदग वाचली खरी. पण सकाळ झाली की मी हातात किल्ली घेऊन अंगणात उभी. एक कोथिंबिरीची जुडी आणायला पिकअप काढायचे. बँकेत काम नसताना बँकेत जाऊन यायचे. पॉलिहाऊसमध्ये काम होतं, नाही असं नाही. पण वाफ्यांमधून चालताना माझा डावा पाय उगाच क्लच दाबायचा.

घरात माझ्यासारखं आणखी एकच माणूस होतं. माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वय ऐंशीच्या जवळ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. दिवसभर शेड, विहीर, रस्ता, पुन्हा शेड. एके दिवशी ते शेडमधून मला हाका मारायला लागले. मी गेले तर त्यांनी ताडपत्री अर्धी ओढून काढली होती. खाली त्यांची अमेरिकन गाडी.

ती गाडी मी लग्न होऊन आल्यापासून पाहत होते, पण बाजूने जाताना एखादं जुनं कपाट पाहावं तशी. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, डाव्या हाताला स्टिअरिंग. नाशकात कारखाना उभारायला आलेला एक परदेशी इंजिनियर परत जाताना अण्णांना विकून गेला होता. तरुण अण्णा तिच्यातून झेंडूच्या करंड्या बाजारात न्यायचे. पंचवटीतली पोरं तिला विमान म्हणायची. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून त्यांनी तिचं आठ सिलिंडरचं इंजिन काढून देवळ्याच्या मित्राला दिलं आणि तिच्यात ट्रकचं डिझेल इंजिन बसवलं. मग ती धूर ओकत बैलासारखी चालायची. शेवटी चालायचीही थांबली.

"ही कशासाठी बनवली होती ठाऊक हाय का तुला?" अण्णा म्हणाले. "सरळ रस्त्यावर, शेजारी दुसरी गाडी उभी करून सोडायची. मी ते एकदाबी केलं नाय. झेंडू वाहिले तिच्यातून."

"मग आता?"

"आता इंजिन आणायला देवळ्याला जायचं. चल."

मी विचार केलाच नाही. किल्ली हातातच होती.

अण्णांचा मित्र वारला होता हे त्यांना माहीत होतं. इंजिनाचं काय झालं हे माहीत नव्हतं. मित्राची बायको ओट्यावर कांदे निवडत बसली होती. मळभ असल्याने अण्णांना तिचा चेहरा नीट दिसेना. त्यांनी नाव सांगितलं, तशी ती लगेच उठली.

"ते धूड न्यायला उनात ना? मागे शे, चाळीत," ती तिच्या अहिराणी वळणात म्हणाली. "तुमच्या मित्राने दोन वर्षं विहिरीवर चालवलं, रॉकेलवर. मग बंद पडलं. तेव्हापासून माझी जागा अडवून बसलंय."

कांदाचाळीच्या टोकाला ते उभं होतं. वर फळी टाकून तिने पाण्याचा हंडा ठेवला होता. काळं, जड, दोन्ही बाजूंना चार-चार भोकं, त्यातल्या दोनांत चिमण्यांचा काडीकचरा. अण्णांनी दोन्ही हात त्यावर ठेवले.

"न्या," त्या मावशी म्हणाल्या. "पण गाडी चालू झाली की मला वणीला देवीपाशी न्यायचं. एसटीत आता गुडघे वाकत नाहीत."

"वचन," अण्णा म्हणाले, जणू काही इंजिन दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं.

त्याला पुढचा अख्खा पावसाळा गेला, आणि हिवाळाही. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये सिलिंडर बोअर करून घेतले. पिस्टन मुंबईतल्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने शोधून दिले. कार्बोरेटर मी स्वयंपाकघरातल्या परातीत रॉकेलमध्ये भिजवला, म्हणून नवऱ्याने त्या परातीतली भाकरी खाणं सोडलं. जुना गिअरबॉक्स मात्र माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला सापडला. अण्णांनी तो विकला नव्हता, का ते त्यांनाही सांगता येईना.

आमच्या दोघांत धीर कुणालाच नव्हता, हीच अडचण. वर्कशॉपचा मिस्त्री म्हणायचा, सील सुकू द्या, उद्या या. आम्ही त्याच दुपारी जायचो. अण्णा नट हाताने चाचपून लावायचे, घाईत आडवा धरायचे आणि आटे खराब करायचे. मी कटकट करायचे. मग मी एक पाइप घाईत चुकीच्या बाजूने बसवला, तेव्हा ते दिवसभर खूश होते. इंजिन पहिल्यांदा पेटलं तेव्हा शेडचे पत्रे थरथरले आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. नवरा धावत आला. त्याला आवाजाचा तिटकारा. त्याने कानांवर हात ठेवले, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हशीच्या मागे गेला.

पहिला लांबचा पल्ला वणीचा. देवळ्याहून मावशींना मागच्या सीटवर बसवलं, कळवणच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा झाला आणि मी पाय दाबला. जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. पिकअप वेग घेते तेव्हा आपण तिला ढकलतोय असं वाटतं. इथे गाडीनेच मला सीटमध्ये दाबून धरलं. बरगड्यांच्या आत जे इतके महिने वळवळत होतं, ते क्षणभर गप्प झालं. अण्णा ओरडले, "आणखी!" आणि तेवढ्यात बॉनेटमधून वाफ निघाली.

आम्ही बाभळीखाली थांबलो. अण्णा रेडिएटरभोवती येरझाऱ्या घालत होते. मी दर मिनिटाला झाकणाला हात लावून चटका घेत होते. मावशींनी भाकरीचं फडकं सोडलं, ठेचा काढला, समोरच्या शेतातल्या बाईला हाक मारून कळशीभर पाणी मागवलं.

"हीच गाडी शर्यतीला न्यायची शे का?" त्यांनी विचारलं. शर्यतीचं अण्णांनी वाटेत सांगितलं होतं.

"हीच," अण्णा म्हणाले.

"मग जेवून घ्या आधी."

देवीपाशी आम्ही पोचलो, उतरणीला लागलेल्या उन्हात. रेडिएटर नंतर मोठा बसवला.

शर्यतीचं मला एका टायरवाल्याकडून कळलं होतं. शहराबाहेर अर्धवट राहिलेल्या एका वसाहतीचा सरळ काँक्रीटचा रस्ता होता. गाड्यांचा नाद असलेल्या काही मंडळींनी तो परवानगी काढून एका रविवारसाठी घेतला होता. चारशे मीटर, एका वेळी दोन गाड्या, जो आधी पोचेल तो पुढच्या फेरीत. मी नाव नोंदवलं. आता चालवणार कोण, हे आम्ही दोघांनीही बोलायचं टाळलं होतं. आठवडाभर आधी मी हेल्मेट घेऊन घरी आले, तर टेबलावर दुसरं हेल्मेट. अण्णांनी मागवलेलं. नवरा दोन्हींकडे बघून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

"गाडी कुणाची?" अण्णा म्हणाले.

"आणि तिचा क्लच कुणाच्या पायात बसलाय?"

"माझ्या अंगात ती तू जन्मायच्या आधीपासून हाय."

"अण्णा, तुम्हाला समोरचा खांब दिसत नाही."

हे बोलायला नको होतं असं नाही. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी ठरलं, पहिली फेरी त्यांची, जमलं तर पुढची माझी. मी हो म्हटलं, कारण वाद घालत बसण्याइतकंही मला बसवत नव्हतं.

गाडी ट्रकवर चढवून आम्ही तिथे पोचलो. सगळीकडे तरुण मुलं, छोट्या नव्या गाड्या, कर्कश गाणी. आमची गाडी उतरली तसा घोळका जमला. अण्णा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, नवरदेवाच्या बापासारखे. मग तपासणी झाली. पट्टे बघितले, ब्रेक बघितले, आणि टेबलाशी बसलेल्या मुलीने अदबीने विचारलं, "आजोबा, लायसन्स?"

अण्णांनी खिशातून जुनं, कडा फाटलेलं पुस्तक काढलं. तिने ते उलटसुलट पाहिलं. "याची मुदत कधीच संपलीय. नूतनीकरण नाही केलं?"

"केलंय. घरी राहिलं."

केलं नव्हतं. डॉक्टरचा दाखला लागतो, आणि डॉक्टर म्हटलं की डोळा आलाच. अण्णा माझ्याकडे वळले. "तू सांग ना तिला."

मी काय सांगणार होते? मी माझं लायसन्स टेबलावर ठेवलं. अण्णांनी हेल्मेट काढलं, माझ्या हातात दिलं आणि ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसले. काच वर केली. तिथून रस्ता दिसतही नव्हता.

पहिली फेरी. शेजारी एक पांढरी, आमच्या निम्म्या लांबीची गाडी. झेंडा पडला आणि मी क्लच सोडला तो एकदम. मागची चाकं जागेवरच फिरली, धूर झाला, गाडीचा मागचा भाग कुंपणाकडे सरकला. सावरेपर्यंत पांढरी गाडी पार टोकाला पोचली होती. परत येताना मला कुणाकडे बघवेना. पण पांढऱ्या गाडीने झेंड्याच्या आधीच सुरुवात केली होती म्हणे. फेरी पुन्हा घ्यायची ठरली.

मध्ये जो वेळ मिळाला त्यात मी ट्रकपाशी गेले. काच वरच. मी तशीच परत फिरले.

दुसऱ्या वेळी मी पंचवटीच्या गल्लीत करंड्या भरलेली पिकअप काढते तसा क्लच सोडला. हळू, हळू, मग सगळा. गाडी सरळ निघाली. पहिला गिअर संपला तेव्हा मुलगा की मुलगी, जे कुणी शेजारी होतं ते पुढेच होतं. दुसऱ्यात त्याचं मागचं चाक माझ्या दाराशी आलं. तिसऱ्यात त्याचं दार. मग ते दिसेना. इंजिनाचा आवाज आता बाहेरून येत नव्हता, माझ्या दातांतून येत होता. शेवटची रेघ गेली, आणि त्याच क्षणी पायाखाली खण्ण झालं. पाय दाबला तरी गाडी काही ऐकेना. मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला होता. आम्ही घरंगळत कडेला थांबलो.

फेरी जिंकली होती. पुढची धावायला गाडी नव्हती. मुलं धावत आली, त्यांनी ढकलत तिला ट्रकपर्यंत आणलं. पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या मुलीने हात मिळवला आणि विचारलं, "आतून बघू का?" ती बराच वेळ डाव्या बाजूच्या स्टिअरिंगमागे बसून राहिली.

परतीला मी ट्रकमध्ये अण्णांच्या शेजारी बसले. शहर मागे पडलं तसे ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "दुसरा गिअर उशिरा टाकलास."

"तुम्ही कुठे पाहिलंत?"

"आवाज आला ना. पहिल्या वेळी तर लाज आणलीस."

"आणि दुसऱ्या वेळी?"

त्यांनी काच खाली केली. बाहेर द्राक्षबागा मागे पळत होत्या. "दुसऱ्या वेळी," ते म्हणाले, "मी इथं बसून पाय दाबत होतो. ड्रायव्हर म्हणाला, बाबा, ट्रकचा पत्रा फुटंल." मग एकदम, "तो डोळ्याचा डॉक्टर कुठं बसतो?"

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांना घरात कोंडून ठेवणं हे माझं आणि नवऱ्याचं काम झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते काळा चष्मा लावून शेडमध्ये गेले. मी नवा क्रॉस बसवत गाडीखाली पडले होते. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्या गाडीभोवती एकदा फिरल्या, दुसऱ्यांदा फिरल्या, मग थांबल्या.

"हा रंग कुणी दिला?"

"तुम्हीच निवडला होता. दुकानात तासभर उभे होतात."

"हा? मी राखाडी निवडला होता. सभ्य राखाडी. हा तर मंडपाच्या कापडासारखा निळा हाय!"

मी गाडीखालून बाहेर आले. ते चष्मा काढून, डोळा बारीक करून दाराकडे बघत होते. खरं तर दिला त्या दिवसापासून रंग तसाच होता, लखलखीत निळा. त्यांनी निवडला म्हणून आम्ही कुणी काही बोललो नव्हतो.

"डोळ्याला धूळ चालत नाही सांगितलंय," मी म्हटलं. "घरात चला."

"घरात काय करू?" त्यांनी कपाटावरून सँडपेपर ओढला, तोंडाला उपरणं बांधलं आणि गाडीच्या दाराचा रंग कोपऱ्यापासून घासायला सुरुवात केली. मी दुसरा कागद घेतला आणि दुसऱ्या दाराला लागले.