ताझीरीच्या लॅपटॉपमधली जागा

ऑलिव्हच्या बागांतून कड्यावरच्या गावाकडे आम्ही निम्मी वाट चढून आलो होतो. धुकं खालून आमच्यामागे चढत होतं. ताझीरी त्यात मधूनच दिसेनाशी होई आणि नुसता तिचा आवाज पुढून येई.

"उद्या मावशी येणार, आणि लॅपटॉपमध्ये सुई ठेवायला जागा नाही."

घरापासून दूर, परदेशातल्या या नालूतच्या दवाखान्यात मी नर्स, ती नाव नोंदवायच्या खिडकीत. पण तिचा जीव होता तो गाण्यांत. डोंगरातल्या म्हाताऱ्या बायका तेल गाळताना, बाळ निजवताना जे म्हणत, ते ती लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवी. लग्न राहूनच गेलं. कुणी विचारलं तर म्हणे, "नवऱ्याचं घोरणंही रेकॉर्ड करत बसले असते. तेवढी जागा कुठून आणू?"

तिच्या या मावशीची गाणी आता एकट्या मावशीलाच येत होती, आणि तिचा गळा दिवसेंदिवस बसत चालला होता.

"ते प्रोग्राम बसवल्यावर मागे राहिलेल्या फायली आहेत ना, त्या पूस," मी म्हटलं. "बसवून झालं, आता ती बोचकी कशाला?"

"मागे तेच तर केलं, ताई." ती हसली. "भिंत वाळली की आधाराच्या फळ्या काढतात, तसं समजले मी. आतला तो लपवलेला फोल्डर सगळा साफ. काही दिवस मोकळं मोकळं वाटलं. मग गाणी उतरवायचा प्रोग्राम बिघडला. दुरुस्त करायला जावं तर तो आपलं बोचकं मागे. काढून टाकायला जावं तरी बोचकंच मागे. शेवटी लॅपटॉप त्रिपोलीला धाडला. तो येईपर्यंत फातूमआजी गेली. तिचं एकही गाणं नाही माझ्याकडे."

वर धुक्यात गावाचं जुनं धान्यकोठार तरंगल्यासारखं दिसत होतं. तिचे आजोबा तिथले राखणदार. वाईट सालात लोक पेरणीसाठी राखलेले जव खायला मागायचे. आजोबा शिव्या खात दारात बसून राहायचे, पण दार उघडायचे नाहीत.

"त्यांची नात मी, आणि बियाणंच उकिरड्यावर टाकलं. असते तर मलाच कोंडलं असतं आत."

खालून अजान ऐकू आली. ती थांबली. मीही मनातल्या मनात दत्ताचं नाव घेतलं. ओली हवा गालाला लागत होती आणि चढ संपूच नये असं वाटत होतं.

"मग आता काय करणार गं?"

"पुसायच्या नाहीत, हलवायच्या. बाहेरच्या डिस्कवर. लॅपटॉपला नुसता पत्ता सांगून ठेवायचा, की सामान तिकडे आहे. दुरुस्तीच्या वेळी डिस्क जोडायची." थोडं चालून ती म्हणाली, "पण ती डिस्क माझ्या घरात नको. मी तीही गाण्यांनी भरीन. तुझी भजनांची डिस्क आहे ना?"

"आहे की."

"तुझ्या देवाशेजारी माझी बोचकी ठेवून घे, ताई. काम पडलं की मागेन, तेव्हा आण. आणि एखाद्या म्हातारीसाठी जागा हवी म्हणून मी पूस म्हणाले, अगदी रडले, तरी माझं ऐकू नकोस."